नमपायच्या ॲरेचा पत्ता सी आणि फोरट्रानला देताना

पायथनमधून सी किंवा फोरट्रानमधल्या फंक्शनला ॲरे (आकड्यांची रांग किंवा तक्ता) दिला असे आपण म्हणतो, तेव्हा आकडे कुठेही हलत नाहीत. ते मेमरीत जिथून सुरू होतात त्या जागेचा पत्ता तेवढा पलीकडे जातो. ६४-बिट यंत्रावर हा पत्ता म्हणजे ८ बाइटांचा एक पूर्णांक. त्या जागी पूर्णांक आहेत की दशांश संख्या, त्या किती आहेत, एकीपासून दुसरी किती बाइट दूर आहे, ती जागा कोणी घेतली आणि ती कधी मोकळी होणार आहे, यांपैकी एकही गोष्ट त्या पत्त्यावरून कळत नाही. पायथनमध्ये ॲरे हाताळणाऱ्या नमपाय या लायब्ररीला हे सगळे ठाऊक असते, पण ती माहिती पायथनच्या बाजूला राहते आणि सीमा ओलांडतो तो केवळ पत्ता. खालचे टप्पे ती मागे राहिलेली माहिती पलीकडे नीट पोहोचवण्यासाठी आहेत.

या कामात कार्यक्रम कोसळला तर ते बरेच म्हणायचे, कारण निदान चूक कळते. खरी काळजी आहे ती कार्यक्रम सुरळीत चालून पटण्याजोगी चुकीची उत्तरे देतो तेव्हाची. म्हणून टप्प्यांचा क्रम बदलू नये आणि मधल्या तपासण्या वगळू नयेत.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. ३ पर्जन्यमापक केंद्रे आणि ४ दिवस असा ३ ओळी व ४ स्तंभांचा तक्ता आहे. त्यात ओळीने १ ते १२ हे आकडे भरले आहेत आणि प्रत्येक केंद्राची बेरीज हवी आहे. बरोबर उत्तर १०, २६ आणि ४२ आहे. साधने म्हणून लिनक्स, जीसीसी, जीफोरट्रान आणि पायथनसोबतच येणारे, सी लायब्ररीतल्या फंक्शनना हाक मारू देणारे सीटाइप्स हे मोड्यूल धरले आहे.

टप्पा १: करार आधी लिहून काढा

कोडची एकही ओळ लिहिण्यापूर्वी प्रत्येक ॲरेसाठी पुढील गोष्टी फंक्शनच्या वरच्या टिप्पणीत लिहाव्यात: घटकाचा प्रकार आणि त्याचे बाइट, प्रत्येक दिशेने घटकांची संख्या, ओळ आधी की स्तंभ आधी, फंक्शन त्यात लिहिणार की फक्त वाचणार, जागा कोणी घेतली व कोण मोकळी करणार, आणि फंक्शन परतल्यानंतर तो पत्ता पलीकडे साठवला जाणार का. शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि महिन्यांनी उगवणाऱ्या चुका बहुधा तिथल्याच असतात.

प्रकार लिहिताना "पूर्णांक" एवढेच लिहू नये; "३२-बिट चिन्हांकित पूर्णांक" असे लिहावे. सीमधला 'लाँग' ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटांचा असतो आणि ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा. नमपायचा मूळ पूर्णांकसुद्धा विंडोजवर २.० आवृत्तीपूर्वी ३२-बिट होता आणि त्या आवृत्तीपासून ६४-बिट झाला. म्हणजे एकच कोड एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरू शकतो. यासाठी दोन्ही बाजूंना नावातच रुंदी असलेले प्रकार वापरावेत: सीमध्ये 'इंट३२_टी' किंवा 'इंट६४_टी', नमपायमध्ये 'इंट३२' किंवा 'इंट६४'.

प्रकार जुळला नाही तर काय दिसते ते ओळखता आले पाहिजे. १, २, ३ हा ६४-बिट पूर्णांकांचा ॲरे सीने ३२-बिट समजून वाचला, तर नेहमीच्या इंटेल वा आर्म यंत्रांवर पहिले तीन आकडे १, ०, २ असे येतात. तेच आकडे 'डबल' (८ बाइटांच्या दशांश संख्या) असताना 'फ्लोट' (४ बाइटांच्या) म्हणून वाचले, तर ०, १.८७५, ० असे येतात. एकाआड एक शून्य दिसले की बाकी सगळे सोडून आधी घटकाची रुंदी तपासावी.

टप्पा २: सीच्या बाजूची तयारी

आपल्या फंक्शनला चार गोष्टी लागतात: तक्त्याच्या पहिल्या घटकाचा 'डबल' पॉइंटर (म्हणजे पत्ता), ओळींची संख्या, स्तंभांची संख्या आणि बेरजा लिहिण्यासाठी दुसरा 'डबल' पॉइंटर. ओळ क्रमांक आणि स्तंभ क्रमांक शून्यापासून धरले, तर हवा तो घटक "ओळ गुणिले एकूण स्तंभ अधिक स्तंभ" या स्थानावर असतो.

येथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे दोन मितींचा तक्ता आहे म्हणून पॉइंटरचा पॉइंटर, म्हणजे दोन ताऱ्यांचा 'डबल', मागणे. नमपायचा तक्ता हा पत्त्यांचा ॲरे नसतो; तो आकड्यांचा एकच सलग पट्टा असतो. दोन ताऱ्यांचे फंक्शन पहिल्या ८ बाइटांना, म्हणजे १.० या आकड्याच्या बिटांना, पत्ता समजून तिथे वाचायला जाते आणि कार्यक्रम तिथेच कोसळतो. पुस्तकातले दोन ताऱ्यांचे नमुने स्वतंत्रपणे घेतलेल्या ओळींसाठी असतात. ते इथे आणू नयेत.

संख्यांसाठी 'साइझ_टी' (सीमधला आकार मोजण्याचा पूर्णांक प्रकार) घ्यावा, साधा 'इंट' नको. ४६,३४१ ओळी आणि तितकेच स्तंभ असले, तर घटकांची संख्या २,१४,७४,८८,२८१ होते आणि ती ३२-बिट चिन्हांकित पूर्णांकाच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेर जाते. असा तक्ता १७ गीगाबाइटांच्या आसपास भरतो, आणि आजच्या सर्व्हरवर तो सहज मावतो.

फाइल सी प्लस प्लसमध्ये असेल तर फंक्शन 'एक्स्टर्न सी' या घोषणेत ठेवावे, नाहीतर कंपायलर नाव बदलतो आणि पायथनला ते सापडत नाही. कंपाइल करताना 'शेअर्ड' आणि 'एफ-पीआयसी' हे दोन्ही पर्याय द्यावेत.

तपासणी: तयार झालेल्या लायब्ररीवर 'एनएम' ही तिच्यातल्या नावांची यादी देणारी आज्ञा लहान नव्हे तर मोठ्या 'डी' पर्यायासह चालवावी. यादीत आपल्या फंक्शनचे नाव जसेच्या तसे आणि त्याआधी 'टी' हे अक्षर दिसले पाहिजे. ते दिसल्याशिवाय पायथनकडे वळू नये.

टप्पा ३: ॲरे पाठवण्याजोगा आहे का ते पाहा

नमपायच्या ॲरेवर चार गोष्टी पाहाव्यात: 'डीटाइप', 'शेप', 'स्ट्राइड्स' आणि 'फ्लॅग्ज'. आपल्या तक्त्याचा 'डीटाइप' 'फ्लोट६४' आणि 'स्ट्राइड्स' ३२ व ८ असायला हवेत. याचा अर्थ पुढच्या ओळीवर जायला ३२ बाइट आणि पुढच्या स्तंभावर जायला ८ बाइट ओलांडावे लागतात. हे आकडे वेगळे दिसले तर आपल्या सी फंक्शनने गृहीत धरलेली मांडणी मेमरीत नाही, हे निश्चित.

मांडणी मोडण्याचे कारण बहुधा काप घेणे हेच असते. तक्त्यातून एकाआड एक दिवस घेतला की ३ ओळी व २ स्तंभांचा नवा ॲरे मिळाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात नमपायने आकडे हलवलेले नसतात. त्याच जागेकडे ३२ व १६ अशा 'स्ट्राइड्स'ने पाहायला सुरुवात केलेली असते. छापल्यावर १, ३, ५, ७, ९, ११ असे बरोबर दिसते, पण त्याचा पत्ता सीला दिला की सी १, २, ३, ४, ५, ६ वाचते.

यावर उपाय म्हणजे नमपायचे 'ॲझकंटिग्युअसॲरे' हे फंक्शन. ॲरे आधीच सलग असेल तर ते तोच परत देते, नसेल तर सलग प्रत करून देते.

सावधान: प्रत झाली असेल आणि सीने त्यात लिहिले, तर मूळ तक्ता तसाच राहतो. फंक्शन वाचणारे असेल तर हरकत नाही. लिहिणारे असेल तर परतल्यावर प्रतीतले आकडे मूळ कापात स्वतः भरावे लागतात. "सीने काहीच बदलले नाही" अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

दुसरी सावधगिरी: काही ॲरे फक्त वाचण्यासाठी असतात. 'ब्रॉडकास्ट_टू'ने मिळालेल्या दृश्यात एकच आकडा अनेक जागी दाखवलेला असतो आणि एखादा 'स्ट्राइड' शून्य असतो. नमपाय तिथे लिहू देत नाही, पण नुसता पत्ता मिळालेल्या सीला ही मनाई कळण्याचा मार्गच नसतो.

टप्पा ४: पहिल्या हाकेआधी प्रकार जाहीर करा

लायब्ररी उघडल्यावर लगेच, फंक्शनला एकदाही हाक मारण्यापूर्वी, त्याचे 'आर्गटाइप्स' (पाठवायच्या मूल्यांचे प्रकार) आणि 'रेसटाइप' (परतीच्या मूल्याचा प्रकार) भरावेत. ते न भरता हाक मारली तर सीटाइप्स पायथनच्या पूर्णांकाला सीचा साधा 'इंट' समजते. ॲरेच्या 'सीटाइप्स.डेटा'मधून पूर्णांक म्हणून मिळालेला पत्ता असा पाठवला की लिनक्सवर त्याचे वरचे ३२ बिट गळून पडतात आणि सीला भलताच पत्ता मिळतो. पत्ता योगायोगाने लहान असेल त्या दिवशी सगळे चालते, म्हणून "काल चालत होते" या वाक्यावर येथे भिस्त ठेवता येत नाही.

'रेसटाइप'चेही तसेच. तो न सांगितल्यास परतीचे मूल्य 'इंट' धरले जाते. फंक्शन 'डबल' परत देत असेल तर निरर्थक संख्या मिळते आणि पॉइंटर देत असेल तर अर्धा पत्ता. काहीच परत येत नसेल तर 'रेसटाइप' 'नन' असा स्पष्ट लिहावा.

ॲरेसाठी साधा पॉइंटर प्रकार न घेता नमपायच्या 'सीटाइप्सलिब'मधला 'एनडीपॉइंटर' घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्यात 'डीटाइप', मितींची संख्या आणि सलगपणा नोंदवता येतो. मग चुकीचा ॲरे दिल्यास सीपर्यंत पोहोचण्याआधीच पायथन त्रुटी दाखवते. बेरजांच्या ॲरेसाठी तो लिहिण्याजोगा असलाच पाहिजे हेही त्यातच नोंदवावे.

'एनडीपॉइंटर' एक गोष्ट मात्र पाहत नाही: ॲरेसोबत पाठवलेली ओळी-स्तंभांची संख्या खरोखर त्याच ॲरेची आहे का. म्हणून सीच्या फंक्शनला थेट हाक मारण्याची सवय ठेवू नये. पायथनमध्ये त्याच्याभोवती एक छोटे फंक्शन लिहावे, त्याने फक्त ॲरे स्वीकारावा, संख्या 'शेप'मधून स्वतः काढाव्यात, बेरजांचा ॲरे 'एम्प्टी'ने स्वतः तयार करावा आणि तोच परत द्यावा. संख्या हाताने लिहिण्याची जागाच उरली नाही की ती चुकण्याचीही उरत नाही.

टप्पा ५: ॲरे जिवंत ठेवा

पायथनमध्ये ॲरेकडे निर्देश करणारे शेवटचे नाव गेले की त्याची जागा मोकळी होते. सीकडे गेलेला पत्ता हा पायथनच्या हिशेबात निर्देश धरला जात नाही. त्यामुळे दोन ॲरेंची बेरीज कंसात करून तिथल्या तिथे 'सीटाइप्स.डेटा' काढला, पूर्णांक एका चलात ठेवला आणि पुढच्या ओळीत सीला दिला, तर मधल्या मधे ती बेरीज नष्ट झालेली असते. पत्ता तोच राहतो, तिथले घर मात्र दुसऱ्याचे झालेले असते. अनेकदा जुने आकडे अजून पुसलेले नसतात, म्हणून छोट्या चाचणीत उत्तर बरोबर येते. पूर्णांक पत्ता साठवूच नये. 'एनडीपॉइंटर' किंवा 'डेटा_ॲझ' वापरल्यास ॲरेचा निर्देश सोबत राहतो.

सीचे फंक्शन पत्ता जागतिक चलात साठवून नंतरच्या हाकेत वापरणार असेल, तर पायथनच्या बाजूला तो ॲरे तितकाच काळ टिकणाऱ्या वस्तूत धरून ठेवावा लागतो. येथे एक बारीक फरक लक्षात ठेवावा. तक्त्याच्या नावाला "तक्ता गुणिले २" असे पुन्हा नेमले, तर नवा ॲरे नव्या जागी तयार होतो आणि सीकडे जुन्या जागेचा पत्ता राहतो. गुणाकार-आणि-नेमणूक हे जोडचिन्ह वापरले, तर आकडे त्याच जागी बदलतात. दोन्ही ओळी वाचायला सारख्याच वाटतात.

धागे वापरणाऱ्यांसाठी: सीटाइप्सच्या 'सीडीएलएल'ने उघडलेल्या लायब्ररीला हाक चालू असताना पायथन आपले मुख्य कुलूप (एका वेळी एकाच धाग्याला पायथन चालवू देणारे) सोडते. त्या वेळात दुसरा धागा तोच ॲरे बदलू शकतो. त्याला अडवण्याची जबाबदारी आपली.

टप्पा ६: फोरट्रानला देताना क्रम आणि 'व्हॅल्यू'

फोरट्रान स्तंभ आधी मांडतो. एका स्तंभाचे सगळे घटक शेजारीशेजारी, मग पुढचा स्तंभ. आपला तक्ता तसाच पाठवून फोरट्रानमध्ये ३ गुणिले ४ असा जाहीर केला, तर त्याला पहिली ओळ १, ४, ७, १० अशी दिसते आणि केंद्रांच्या बेरजा २२, २६ व ३० येतात. बरोबर उत्तर १०, २६, ४२. मधली बेरीज जुळली. तिन्हींची एकूण बेरीज दोन्हीकडे ७८, म्हणजे तीही जुळली. एकूण बेरीज पाहून समाधान मानणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

ती दुरुस्त करताना दुसरी चूक होते. पुष्कळ जण नमपायमध्ये तक्ता पलटवतात आणि पलटवलेल्याचा पत्ता पाठवतात. पलटवल्याने केवळ 'स्ट्राइड्स'ची अदलाबदल होते. मेमरीतला एकही बाइट हलत नाही आणि पत्ता तोच राहतो. उत्तर पुन्हा २२, २६, ३०.

बरोबर मार्ग दोन आहेत. पहिला, फोरट्रानमध्ये तक्ता ४ गुणिले ३ असा जाहीर करावा आणि दिवस पहिला, केंद्र दुसरे असा निर्देशांक लिहावा. यात प्रत होत नाही, म्हणून मोठ्या तक्त्यांसाठी मी हाच सुचवतो. दुसरा, फोरट्रानचा कोड जुना असेल आणि त्याला हात लावायचा नसेल, तर नमपायच्या 'ॲझफोरट्रानॲरे'ने आकडे खरोखर स्तंभक्रमाने मांडून घ्यावेत आणि 'एनडीपॉइंटर'मध्ये तशी अट नोंदवावी. येथे प्रत होते, म्हणून टप्पा ३ मधली सावधगिरी पुन्हा लागू होते.

फोरट्रान २००३ पासून उपलब्ध असलेले 'आयएसओ_सी_बाइंडिंग' मोड्यूल आणि 'बाइंड सी' ही जोड प्रत्येक फंक्शनला द्यावी. ती नसल्यास जीफोरट्रान नाव लहान अक्षरांत करून शेवटी अधोरेखा जोडतो. ओळी-स्तंभांच्या संख्या घेणाऱ्या प्राचलांना 'व्हॅल्यू' हे विशेषण द्यायला विसरू नये. फोरट्रान एरवी प्रत्येक प्राचल पत्त्याने घेतो. 'व्हॅल्यू' नसताना आपण ३ पाठवले, तर तो ३ क्रमांकाच्या पत्त्यावर वाचायला जातो आणि कोसळतो.

ॲरे जाहीर करताना मिती स्पष्ट लिहाव्यात. मितींच्या जागी नुसती ':' ही खूण देऊन आकार गृहीत धरणारी घोषणा केली, तर फोरट्रान पत्त्याऐवजी ॲरेच्या वर्णनाचा तक्ता येईल असे मानतो आणि आपला पत्ता त्या वर्णनाच्या जागी वाचतो. खरे-खोटे मूल्यांचा ॲरे असेल तर 'सी_बूल' घ्यावा, कारण नमपायचे बूलियन १ बाइटाचे असते आणि जीफोरट्रानचे साधे 'लॉजिकल' ४ बाइटांचे.

तपासणी: निर्देशांक १ पासून सुरू होतो हे फोरट्रानच्या लेखकाला सांगावे लागत नाही, पण पायथनमधून स्थान क्रमांक पाठवत असाल, तर १ कोण मिळवणार हे करारात लिहिलेले आहे का ते पाहावे. दोन्ही बाजूंनी मिळवलेला १ मी एकदाच नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

टप्पा ७: जागा सीने घेतली असेल तर

शक्य तोवर जागा पायथननेच घ्यावी आणि सीला भरायला द्यावी. मालकीचा प्रश्नच येत नाही. उत्तराचा आकार आधी कळत नसेल तरच सीला 'मॅलॉक' (मेमरीत जागा घेण्याची हाक) करू द्यावे. त्या वेळी 'सीटाइप्सलिब'मधल्या 'ॲझ_ॲरे'ला पॉइंटर आणि आकार देऊन नमपायचे दृश्य मिळते, पण ते त्या जागेचे मालक नसते. जागा मोकळी करणारे फंक्शन त्याच सी लायब्ररीतून द्यावे आणि तेच वापरावे, कारण विंडोजवर दोन लायब्ररींचे 'मॅलॉक' आणि 'फ्री' वेगवेगळ्या रनटाइमचे असू शकतात. मोकळे करण्यापूर्वी लागणाऱ्या आकड्यांची 'कॉपी' घ्यावी आणि दृश्याचे नाव काढून टाकावे. फंक्शनच्या आतल्या स्थानिक ॲरेचा पत्ता परत देणे कधीही चूकच. फंक्शन संपताच ती जागा जाते.

जावा, सी शार्प आणि गो यांच्याकडे

नमपाय आपल्या ॲरेची जागा पाठीमागून हलवत नाही. जावा आणि सी शार्पचे कचरासंकलक (नको झालेली जागा मोकळी करणारे भाग) मात्र ॲरे एका जागेवरून दुसरीकडे नेऊ शकतात. सी शार्पमध्ये 'फिक्स्ड' किंवा पिन केलेले (ॲरे जागचा हलू न देणारे) 'जीसीहँडल' लागते. जावाच्या जेएनआयमध्ये (सीशी जोडणी करणाऱ्या सोयीत) ॲरेचे घटक मागितल्यावर प्रतही मिळू शकते, म्हणून संबंधित 'रिलीज' हाक मारल्याशिवाय बदल परत पोहोचतील असे समजू नये. गोमध्ये पिन न केलेला पॉइंटर हाक संपल्यावर सीने साठवायचा नसतो. पिन करण्याची सोय १.२१ आवृत्तीपासून आहे.

आणि पत्ता फाइलीत किंवा सॉकेटमधून दुसऱ्या प्रक्रियेला पाठवू नये. प्रत्येक प्रक्रियेचा पत्त्यांचा नकाशा स्वतंत्र असतो. पायथन ३.८ पासूनच्या 'शेअर्ड_मेमरी'तसुद्धा तोच भाग दोन प्रक्रियांत वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसू शकतो. तिथे भागाचे नाव आणि सुरुवातीपासूनचे अंतर पाठवावे.

टप्पा ८: चाचणीचा क्रम

पहिली चाचणी पत्त्याची. पायथनमध्ये 'सीटाइप्स.डेटा' सोळा-अंकी पद्धतीत छापावा आणि सीमध्ये तोच पॉइंटर 'पी' या खुणेने छापावा. दोन्ही अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. नसतील तर टप्पा ४ कडे परत जावे. पुढची कोणतीही चाचणी त्याआधी करू नये.

दुसरी चाचणी प्रकाराची: सीला पहिले चार घटक छापायला लावावे. तिसरी चाचणी क्रमाची. यासाठी तक्ता चौरस नसावा आणि सगळे घटक वेगळे असावेत. शून्यांचा, एकांचा किंवा ३ गुणिले ३ चा सममित तक्ता घेतला तर क्रमाची चूक लपून जाते. प्रत्येक ओळीची बेरीज स्वतंत्र पाहावी, एकूण नव्हे.

चौथी चाचणी हद्दीची. १४ घटकांचा ॲरे घेऊन तो -९९९ ने भरावा, मधल्या १२ जागांचा काप घेऊन त्याला ३ गुणिले ४ असा आकार द्यावा. हा काप सलगच राहतो. त्यात १ ते १२ भरून लिहिणाऱ्या फंक्शनला द्यावा. परतल्यावर दोन्ही टोकांना -९९९ शिल्लक नसेल, तर फंक्शन हद्दीबाहेर लिहीत आहे. मग 'फॉल्टहँडलर' (कोसळताना पायथन कोणत्या ओळीवर होते ते छापणारे मोड्यूल) सुरू ठेवून पायथन चालवावे आणि सीची लायब्ररी 'ॲड्रेस सॅनिटायझर' या हद्दीबाहेरचे वाचन-लेखन पकडणाऱ्या साधनासह पुन्हा कंपाइल करावी. पायथन स्वतः त्याशिवाय कंपाइल झालेले असल्यामुळे लिनक्सवर सॅनिटायझरची लायब्ररी 'एलडी_प्रीलोड'ने आधी चढवावी लागते.

पाचवी चाचणी आयुष्याची, आणि ती पत्ता साठवणाऱ्या फंक्शनसाठीच. पत्ता दिल्यानंतर पायथनमध्ये 'जीसी.कलेक्ट'ला हाक मारावी, त्याच आकाराचे शंभरेक नवे ॲरे वेगळ्या आकड्यांनी भरून यादीत ठेवावेत आणि मगच सीला साठवलेला पत्ता वाचायला सांगावा. जागा मोकळी झालेली असेल तर तिच्यावर नवे आकडे चढण्याची शक्यता या गर्दीत पुष्कळ वाढते. बेरजा १०, २६ आणि ४२ सोडून दुसरे काही आले, तर टप्पा ५ मध्ये सांगितलेला धरून ठेवण्याचा निर्देश कुठे सुटला ते शोधावे.